मोटर कुणाचीही चालेल, पण जंपर जुळला पाहिजे

आधीच सांगतो, सबवे म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर स्टेशनखालचा तो ओलसर भुयारी रस्ता येतो, दोन्ही बाजूला मोबाईल कव्हरवाले बसलेले, तो नाही. न्यूयॉर्कमधे सबवे म्हणजे ट्रेन, आणि मजा म्हणजे त्यातली बरीचशी जमिनीवरून, लोखंडी खांबांवरून धावते. मी राहतो क्वीन्समधे, जॅक्सन हाइट्सला, तिथे वरून ७ नंबरची गाडी जाते आणि त्याच स्टेशनात खाली जमिनीत ई, एफ, एम, आर अशा चार गाड्या. एकाच तिकिटात सगळं. पण वरची गाडी खालच्या बोगद्यात आणली तर प्लॅटफॉर्म आणि डब्याच्या मधे एवढी फट राहील की पाय सरळ आत जाईल, आणि खालची गाडी वर नेली तर ती प्लॅटफॉर्मची कडा घासून काढेल. हे मला इथे येऊन चार वर्षं होईपर्यंत माहीत नव्हतं. रोज दोन्हीतून जायचो, कधी लक्षच गेलं नाही.

लक्ष गेलं ते मामामुळे. आमचा मामा कुर्ला कारशेडला इलेक्ट्रिकल फिटर होता, आता रिटायर होऊन डोंबिवलीला घरी असतो आणि मी पाठवलेला प्रत्येक ट्रेनचा व्हिडिओ झूम करून बघतो. मी त्याला क्वीन्सबरो प्लाझाचा व्हिडिओ पाठवला होता, तिथे प्लॅटफॉर्मच्या एका बाजूला ७ लागते आणि दुसऱ्या बाजूला एन किंवा डब्ल्यू, लोक पळत या गाडीतून त्या गाडीत, अगदी आपल्या दादरसारखं फक्त जिने न चढता. मामाचा पाच मिनिटांत फोन. "अरे तो डावीकडचा डबा असा सुकलेला का आहे?"

सुकलेला! पण खरंच की. ७ चा डबा साधारण पावणेनऊ फूट रुंद आणि ५१ फूट लांब, एनचा १० फूट रुंद आणि ६० किंवा ७५ फूट लांब. शेजारी शेजारी उभे असले की धाकटा-थोरला भाऊ वाटतात.

कारण जुनं आहे. इथला पहिला सबवे १९०४ साली सुरू झाला तो आयआरटी नावाच्या खाजगी कंपनीचा, त्यांनी बोगदे अरुंद खणले. नंतर दुसरी कंपनी आली बीएमटी, तिने रुंद डबे घेतले, मग १९३२ मधे शहराने स्वतःचा तिसरा सबवे काढला आयएनडी, तोही रुंद. १९४० मधे तिन्ही एका छताखाली आले पण बोगदा काही कागदावर सही करून रुंद होत नाही. म्हणून आजही आकड्यांच्या गाड्या म्हणजे अरुंद, त्याला ए डिव्हिजन म्हणतात, आणि अक्षरांच्या गाड्या म्हणजे रुंद, ती बी डिव्हिजन. आता यात एक गोंधळ आहे तो आधीच मिटवतो, ए नावाची गाडी बी डिव्हिजनमधे आहे. असो.

क्वीन्सबरो प्लाझाच्या पुढची अॅस्टोरियाची लाइन मुळात आयआरटीच्या मापाने बांधलेली, त्यामुळे बीएमटीची रुंद गाडी तिथे जाऊच शकायची नाही, लोकांना प्लाझाला उतरून बारक्या डब्यांच्या गाडीत चढावं लागायचं. १९४९ मधे शेवटी ठरवलं की अॅस्टोरिया रुंद गाडीला आणि फ्लशिंग अरुंद गाडीला, आणि त्यासाठी अॅस्टोरियाच्या प्लॅटफॉर्मच्या कडा चक्क छाटल्या. मामाला हे फार आवडलं. म्हणाला, "डबा बसत नाही तर प्लॅटफॉर्म कापला, बरोबर आहे, प्लॅटफॉर्म स्वस्त."

पण मग त्याने जो प्रश्न विचारला त्यात माझे पुढचे दोन महिने गेले. "रुळ तोच ना? व्होल्टेज तोच ना? मग सोड मापाचं, एकाच मापाचे दोन वेगळ्या कंपन्यांचे डबे एका रेकला लावतात का तुमच्याकडे? जंपर जुळतो का?"

रेक म्हणजे डबे जोडून झालेली अख्खी गाडी, आणि जंपर म्हणजे दोन डब्यांच्या मधे जी केबल लोंबकळते ती. हल्ली बऱ्याच ठिकाणी ती वेगळी दिसत नाही, कपलरलाच, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्यालाच, खाली किंवा वर विजेच्या पिनांची पेटी असते, दोन डबे एकमेकांना भिडले की पिनाही भिडतात. पण मामाच्या भाषेत सगळं जंपरच.

तर आधी मोटरचं बोलू, कारण मलाही वाटत होतं की भानगड मोटरची असेल. न्यूयॉर्कच्या सगळ्या सबवेमधे गाड्यांना वीज मिळते ती रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून, ६२५ व्होल्ट डीसी. मुंबईत जुन्या लोकलला १५०० व्होल्ट डीसी होता आणि तोही वरच्या तारेतून. जुन्या डब्यांत, तिथे आणि इथेही, डीसी मोटर असायची. तिला एकदम सगळा करंट दिला तर ती जळेल नाहीतर माणसं पडतील, म्हणून मधे मोठाले रेझिस्टर, आधी मोटरी एकामागे एक म्हणजे सिरीजमधे, रेझिस्टर एकेक करत काढायचे, मग मोटरी पॅरललमधे, परत रेझिस्टर एकेक काढायचे. लोकल सुटताना जे खट, खट, खट असे बारीक धक्के बसायचे ते हेच. सुरुवातीला बरीचशी वीज उष्णता होऊन वाया.

आणि इथे गंमत. न्यूयॉर्कच्या जुन्या गाडीच्या हँडलवर तीन जागा असायच्या, स्विचिंग, सिरीज, पॅरलल. मी मामाला हे सांगितलं तर तो पलीकडून पाढा म्हटल्यासारखा म्हणाला, "शंट, हाफ, फुल, वीक फील्ड." म्हणजे मोटरमन फक्त सांगतो, हळू, मध्यम, पूर्ण. रेझिस्टर कधी काढायचा ते तो ठरवत नाही, ते प्रत्येक मोटरकोचच्या, म्हणजे मोटर असलेल्या डब्याच्या, पोटातलं यंत्र आपापलं ठरवतं. मोटरमनच्या हँडलपासून शेवटच्या डब्यापर्यंत काही मोजक्या तारा जातात, एका तारेवर वीज आली म्हणजे पुढे, दुसरीवर आली म्हणजे मागे, तिसरीवर आली म्हणजे सिरीजपर्यंत जा. याला ट्रेनलाइन म्हणतात आणि हे सगळं शंभरेक वर्षांपूर्वी ठरलेलं.

हे कळल्यावर मला लेझीम आठवली. शाळेत सर शिट्टी वाजवायचे, एक शिट्टी म्हणजे चार आवाज, दोन शिट्ट्या म्हणजे पुढे सरका. लेझीम कुणाची पितळी, कुणाची पत्र्याची, कुणाचा हात लांब कुणाचा आखूड, त्याने काही बिघडत नाही, शिट्टीचा अर्थ सगळ्यांना एकच माहीत पाहिजे. पण शेजारच्या शाळेची पोरं रांगेत आणून उभी केली आणि त्यांच्याकडे दोन शिट्ट्या म्हणजे मागे वळा असेल तर?

तर जुन्या गाड्यांचं हे असं होतं. इथे प्रत्येक खरेदीला एक नंबर असतो, आर-१०, आर-३२, आर-१६० असा, तोच डब्यांच्या जातीचं नाव होऊन बसतो. १९४८ च्या आर-१० पासून १९६९ च्या आर-४२ पर्यंत बी डिव्हिजनचे जे डबे आले ते वेगवेगळ्या कारखान्यांचे, एक चकचकीत स्टेनलेस स्टीलचा तर एक रंगवलेला, काहींना जनरल इलेक्ट्रिकच्या मोटरी आणि काहींना वेस्टिंगहाउसच्या, कधी कधी एकाच नंबरच्या खरेदीत निम्म्याला या आणि निम्म्याला त्या, तरी हे सगळे एकमेकांना लागायचे आणि खरंच लागायचे, एकाच गाडीत आर-३२ आणि आर-३८ असे मिसळून रोज फिरायचे. कारण गिऱ्हाइकाने, म्हणजे शहराने, सांगितलेलं की आत काय घालायचं ते घाला, शिट्टी आमची.

त्याआधीच्या पिढीचंही तेच. दर डिसेंबरला इथे जुनी गाडी काढतात, लोक टोप्या-बिप्या घालून जुन्या पोशाखात येतात, मी मागच्या वर्षी गेलो होतो थंडीत कुडकुडत. त्यात १९३० पासून १९४० पर्यंतचे डबे, आर-१, आर-४, आर-६, आर-७, आर-९, एका गाडीत ओळीने. वेताच्या सीटा, छताला पंखे, पिवळे बल्ब. दहा वर्षांत पाच-पाच खरेद्या, आणि नव्वद वर्षांनी पण सगळे एका हँडलवर हलतात. आणि आवाज काय! मोटर आणि चाकाच्या मधले जे सरळ दातांचे गिअर ते वेग वाढेल तसे रडत वर वर चढतात, सनईवाल्याने दम न घेता सूर खेचावा तसे. मी रेकॉर्ड करून मामाला पाठवला, त्याचं उत्तर फक्त एक शब्द, "गिअर." अजून काय पाहिजे माणसाला.

मग सत्तरच्या दशकात यांनी ७५ फुटी डबे आणले, आर-४४ आणि आर-४६. हिशोब साधा, ६०० फुटाच्या प्लॅटफॉर्मला ६० फुटी दहा डबे लागतात, ७५ फुटी आठच पुरतात, डबे कमी म्हणजे देखभाल कमी. पण ब्रेकची पद्धत बदलली, कपलर बदलला, आधीच्यांशी नातं तुटलं. शिवाय लांब डबा वळणावर फार बाहेर येतो म्हणून जे, एल आणि एम या जुन्या वळणावळणाच्या लाइनींवर तो चालतच नाही, आणि जिथे चालतो तिथेही वळणावर दोन डब्यांची टोकं इतकी इकडेतिकडे होतात की मधले दरवाजे कुलूप लावून ठेवतात. आपण लोकलवाले, चालत्या गाडीत डबा बदलायची सवय आपल्याला तशीही नाही, पण इथल्या लोकांना त्याचं दुःख आहे.

आता नवी पिढी. नव्वदच्या दशकात एसी मोटरी आल्या. तिसऱ्या रुळातून डीसीच येतो, पण डब्याखालचा इन्व्हर्टर तो तुकडे तुकडे करून थ्री फेज एसी बनवतो आणि त्याची फ्रिक्वेन्सी हळूहळू वाढवत नेतो, मोटर तिच्यामागे धावते. रेझिस्टरमधे जाळणं नाही, खटखट नाही, आणि ब्रेक मारताना तीच मोटर जनरेटर होऊन वीज परत तिसऱ्या रुळात ढकलते, जवळपास दुसरी गाडी निघत असेल तर ती ती वीज खाते, कुणीच नसेल तर मग रेझिस्टरमधे जाळावी लागतेच. मुंबईत सीमेन्सच्या त्या पांढऱ्या-जांभळ्या गाड्या २००७ च्या शेवटी आल्या तेव्हा सगळ्यांनी आधी ऐकला तो तिचा आवाज, ते वर चढत जाणारं ऊंऽऽ. तो याच इन्व्हर्टरचा, वीज ज्या गतीने चिरली जाते तो सूर मोटरच्या लोखंडातून ऐकू येतो.

न्यूयॉर्कची २ नंबरची गाडी सुटताना तर तीन सूर ऐकू येतात, एक खालचा, एक एकदम वर उडी मारलेला, आणि मग जरा खाली. पेटीवर काढून बघितले मी. बसवणाऱ्याने गाणं म्हणून बसवलेलं नाहीये हां ते, इन्व्हर्टर वेगानुसार चिरण्याची पद्धत बदलतो, गाडीने गिअर बदलावा तसं, त्याचे पडलेले सूर आहेत. त्या गाडीला अल्स्टॉम कंपनीचं प्रोपल्शन, म्हणजे इन्व्हर्टर-मोटरचं सामान, आहे. तिच्यासारखीच दिसणारी, तिच्याच वेळेला घेतलेली आर-१४२ए, तिला बम्बार्डिअरचं. बाहेरून सांगून दाखवा कुठली कुठली.

आणि हा आवाजाचा नाद लागला की मग सुटका नाही. आर-१६० हे १६६२ डबे, २००६ पासून आलेले, काही अल्स्टॉमने बांधले काही कावासाकीने, पण ठरवूनच एकमेकांना चालतील असे. त्यातल्या बहुतेकांना अल्स्टॉमचं प्रोपल्शन, पण २६० डब्यांना सीमेन्सचं. मी आता ई मधे डोळे मिटून बसलो तरी सांगतो सीमेन्स आहे का नाही. बायको म्हणते याचा उपयोग काय. उपयोग काही नाही.

आता मामाच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला सापडलं ते एल लाइनवर. ही लाइन म्हणजे मॅनहॅटनच्या १४व्या रस्त्यावरून ब्रुकलिनला कॅनार्सीपर्यंत, दुसऱ्या लाइनींशी फारशी मिसळत नाही, म्हणून इथे कॉम्प्युटरवर चालणारी सिग्नल पद्धत, सीबीटीसी, पहिल्यांदा बसवली. तिच्यासाठी कावासाकीचे २१२ डबे घेतले, आर-१४३. वाटलं पुरतील. पण त्याच वर्षांत विल्यम्सबर्गमधे सगळी तरुण पोरं राहायला गेली आणि एलमधे अशी गर्दी की आपली सकाळची ८:१३ आठवावी. डबे कमी पडले. मग आर-१६० च्या खरेदीतले ६४ डबे एलची सिग्नल पद्धत घालून तिकडे पाठवले.

म्हणजे आज एलवर दोन जाती. दोन्ही ६० फुटी, दोन्ही स्टेनलेस स्टील, दोन्ही चार-चार डब्यांचे संच, दोन संच जोडले की आठ डब्यांची गाडी, कारण तिथले प्लॅटफॉर्म आठ डब्यांचेच. दोन्ही तोच सिग्नल ऐकतात, त्याच रुळावर एकामागे एक धावतात. आणि तरी आर-१४३ चा एक संच आणि आर-१६० चा एक संच अशी गाडी बनवता येत नाही. इलेक्ट्रिकली जमत नाही. सकाळी यार्डात या जातीचा एक संच धड आणि त्या जातीचा एक संच धड असेल, तर दोन अर्ध्या गाड्या आहेत, एक पूर्ण नाही.

मी मामाला हे समजावत होतो आणि तो मधेच, "म्हणजे शिट्टी बदलली." मी त्याला लेझीमचं सांगितलेलं ना आधी. तर हो. आता मोजक्या जाड तारांवर हो-नाही असं नाही जात, गाडीभर कॉम्प्युटरचं नेटवर्क असतं, पुढचा कॅब प्रत्येक डब्याला सांगतो एवढा जोर लाव, डबा उलट सांगतो माझा एक इन्व्हर्टर बंद आहे, माझा तिसरा दरवाजा उघडा आहे, ब्रेकमधे मी मोटरने एवढं ओढतोय उरलेलं हवेने ओढ. हे सगळं त्या त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधे, त्या त्या पिढीच्या आवृत्तीत. मी धंद्याने सॉफ्टवेअरवाला, मला विचारा, त्याच टीमने पाच वर्षांपूर्वी लिहिलेलं आज चालत नाही तिथे वेगळ्या कंपनीचं काय. आणि गाडीत नुसतं बोलणं जुळून भागत नाही, चालही जुळावी लागते, पुढच्या चार डब्यांनी जोर अर्धा सेकंद आधी लावला आणि मागच्यांनी नंतर, तर कपलरवर ओढाताण, आतल्या माणसाची कॉफी अंगावर.

पुढे आर-१७९ आली बम्बार्डिअरची, ३१८ डबे, ती पण दिसायला सेम टू सेम, ती पण आर-१६० ला लागत नाही. यात माझा आवडता विनोद असा की २०२१ मधे अल्स्टॉमने बम्बार्डिअरचा रेल्वे धंदाच विकत घेतला. म्हणजे ज्या दोन गाड्या एकमेकींशी बोलत नाहीत त्यांचं माहेर आता एकच. तरी बोलत नाहीत.

जमवून घ्यायचं ठरवलं तर जमतं, असं नाही की जमत नाही. ७ लाइनचंच बघा, तिथे सगळ्या न्यूयॉर्कमधे एकमेव ११ डब्यांची गाडी. सीबीटीसी आणायचं ठरलं तेव्हा त्यांनी ६ नंबरवर चालणारे ३८० आर-१४२ए डबे काढले, त्यांचं पोट उघडून नवीन उपकरणं घातली, जोडीला १२६ नवीन डबे त्यांच्याशीच जुळतील असे घेतले आणि सगळ्यांचं मिळून नाव ठेवलं आर-१८८. पाचाच्या संचाला सहाचा संच, अकरा. बहुतेक गाड्यांत सहाच्या संचात जो जादाचा डबा आहे तो नवा, बाकीचे जुने, आणि मी रोज त्यात चढतो तरी मला फरक दिसत नाही. जुन्याला नव्याची भाषा शिकवली म्हणा किंवा नव्याने जुन्याची ऐकली म्हणा. पण पैसे मोजून, आधी ठरवून.

मामा म्हणाला आमच्याकडे याहून मोठं झालं. खरंच आहे ते. मुंबईचं १५०० व्होल्ट डीसी बदलून २५ हजार व्होल्ट एसी करायचं, तेही रोजची लोकल बंद न करता. मधल्या वर्षांत निम्म्या लाइनीवर डीसी निम्म्यावर एसी, म्हणून दोन्हीवर चालणाऱ्या गाड्या आणल्या, एका विजेतून दुसरीत जाताना डब्यातले दिवे-पंखे काही सेकंद बंद व्हायचे आणि गर्दीतून एकच आवाज यायचा, "गेली." पश्चिम रेल्वेचं काम फेब्रुवारी २०१२ ला पुरं झालं, मध्यच्या मेन लाइनचं जून २०१५, आणि ज्या गाड्यांना फक्त डीसीच समजायचं त्या सरकत सरकत हार्बरवर जमा झाल्या. एप्रिल २०१६ मधे हार्बरही बदललं, कुर्ल्याहून सीएसटीला शेवटची डीसी लोकल रात्री सुटली, लोक फुलं लावायला आले होते. १९२५ पासूनचा डीसी त्या रात्री संपला. त्या गाड्यांत बिघाड काही नव्हता. वीज बदलली म्हणून त्या भंगारात.

आणि पुण्याचं ऐका, मामाला मीच सांगितलं हे, त्याला माहीत नव्हतं. पुणे मेट्रोच्या पहिल्या दोन लाइनी वरच्या तारेतून २५ हजार व्होल्ट एसी घेतात. हिंजवडी ते शिवाजीनगर जी तिसरी, तिला न्यूयॉर्कसारखा तिसरा रुळ, ७५० व्होल्ट डीसी. सिव्हिल कोर्टाला तिघींची भेट ठरलेली. माणसं बदलतील गाडी, डबे नाही बदलू शकणार लाइन. मामा जरा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "एका गावात?"

"एका गावात," म्हटलं. "इथे १९०४ पासून चालू आहे."

क्वीन्सबरो प्लाझाला ७ आणि एनच्या रुळांना जोडणारी एक छोटीशी कडी आहे, ७ लाइन बाकीच्या सगळ्या सबवेला जिथून जोडली जाते अशी ती एकच जागा. त्यावरून प्रवाशांची गाडी जात नाही, पण ७ चे डबे कुठे न्यायचे असतील तर तिथूनच निघतात, बारीक डबा रुंद गाडीच्या लाइनवर जाऊ शकतो, फक्त प्लॅटफॉर्मला फट राहते. मामाला त्याचा व्हिडिओ पाहिजे. मी म्हटलं तो डबा कधी निघेल याचं टाइमटेबल नसतं रे, रात्री-अपरात्री नेतात. तो म्हणाला मग थांब जरा तिथे, तुला काय काम असतं रविवारी.